लाल रंगातले पाच

१३ जानेवारी, सोमवार

आज हिमनिरीक्षण चौकीत कनिष्ठ निरीक्षक म्हणून रुजू झाले. ही रोजनिशी माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही. तरीही ती नेटकी असावी, असा माझा आग्रह आहे.

पात्रतेविषयी शंका नाही. शाळेत अकरा वर्षे आणि संस्थेत पाच वर्षे, प्रत्येक विषयात पाच गुण. पाचाच्या वर गुण नसतात. असते तर तेही मिळाले असते. आमच्या वर्गात एखाद्याला दोन गुण मिळाले, म्हणजे तो नापास झाला, की त्याच्या वडिलांना हातातले काम टाकून शाळेत यावे लागे. माझे वडील, म्हणजे आके, शाळेची पायरी कधी चढले नाहीत. कारणच पडले नाही. माझी सर्व प्रशस्तिपत्रके मात्र त्यांनी चहाच्या खोलीत खिळ्यांनी ठोकून ठेवली आहेत.

चौकीसमोरच्या उताराचे नाव आक-एतेक, म्हणजे पांढरा पदर. हा पदर दर हिवाळ्यात दोन-तीनदा घसरतो. कोकबेल या आमच्या गावाहून बाजारगावाला जाणारा एकमेव रस्ता त्याच्या पायथ्याने जातो. त्या रस्त्यावर रोज धावणारी प्रवासी गाडी एकच आहे, आणि ती आके चालवतात. माझे सांगणे चुकले तर सर्वांत आधी कोण गाडले जाईल, हे स्पष्ट आहे. ते चुकणार नाही.

१५ जानेवारी, बुधवार

माझे वरिष्ठ ओमुरझाक बायके (बायके म्हणजे दादा) तीस वर्षे येथे आहेत. त्यांची पद्धत अशी: पहाटे बाहेर जायचे, मूठभर बर्फ दाबून कानाशी धरायचा, आकाशाकडे पाहायचे, थुंकायचे आणि वाटलेच तर रेडिओवर खाली एक शब्द सांगायचा, "टांग." मग गावाचा नाका सांभाळणारी सोनून एजे, म्हणजे सोनूनताई, रस्त्याच्या अडसराला काळा नमदा, म्हणजे लोकरीचा जाड तुकडा, टांगते. नमदा दिसला की गावातले कुत्रेही पुढे जात नाही.

किती सेंटिमीटर बर्फ पडल्यावर नमदा टांगतात, असे मी विचारले. बायके म्हणाले, "सेंटिमीटर कसले? माझ्या पाठीत चमक आली की टांगायचा."

मी ते टिपून घेतले. चमकेचे एकक सांगता आले नाही त्यांना.

१७ जानेवारी, शुक्रवार

जिल्हा कार्यालयाकडून नवी पद्धत आली आहे. धोक्याच्या पाच पायऱ्या: एक म्हणजे अत्यल्प, पाच म्हणजे अत्यंत. अडसर उघडाच राहील. आम्ही आकडा कळवायचा. जायचे की नाही, हे नागरिकाने ठरवायचे. किती सुसंस्कृत कल्पना आहे!

नाक्यावरच्या बोर्डसाठी पत्र्याच्या पाच पाट्या मी स्वतः रंगवल्या. रंग लाल निवडला. आमच्या वह्यांत गुण लाल शाईनेच लिहीत असल्यामुळे लाल आकड्याकडे नजर आपोआप जाते. आकड्यांचे वळण थेट आमच्या गणिताच्या बाईंसारखे साधले आहे. आकड्याखाली अर्थ लिहून पाटीची शोभा घालवली नाही. अर्थासाठी चौदा पानी मार्गदर्शिका लिहून ती दोरीने बोर्डाला बांधण्याची व्यवस्था केली.

बायकेंनी ती हातात धरून तिचे वजन पाहिले. म्हणाले, "पोरी, खाली जा, चार घरी चहा पी आणि तोंडाने सांगून ये. एका दुपारचं काम आहे."

मी म्हटले, लिखित शब्द अधिक टिकाऊ असतो. खरे कारणही हेच आहे. चार अनोळखी माणसांसमोर माझा घसा कोरडा पडतो, याचा येथे संबंध नाही. शिवाय गावात अनोळखी माणूस एकही नाही, म्हणजे ते कारण असूच शकत नाही.

संकल्प: सोमवारपासून रेडिओवर स्वतः बोलणार.

१८ जानेवारी, शनिवार

बोर्डाचा पहिला दिवस. जुना बर्फ, वारा नाही, उणे अकरा. निःशंक दोन. बायकेंनी आकडा खाली कळवला. सोनून एजेने पाटी लावली आणि काळा नमदा खुंटीवर गेला.

दिवसभर दुर्बिणीतून रस्ता पाहिला. गाड्या: शून्य. आकेंचीही नाही.

सायंकाळी रेडिओवर सोनून एजे कुरकुरत होती, "दोनच? अगं, पहिल्याच दिवशी दोन? तुझे आके तोंड पाडून घरात बसलेत. गाव काय तोंड दाखवेल कुणाला?"

निष्कर्ष: मार्गदर्शिकेचा परिणाम अपेक्षेपेक्षा तीव्र आहे. दोनलाही घराबाहेर न पडणे ही अतिदक्षता झाली, पण दक्षतेकडे झुकलेली चूक मी चूक मानत नाही. एजेच्या नाराजीचे कारणही उघड आहे: लहान गावांतील माणसांना मोठ्या संकटाचे सुप्त आकर्षण असते.

२० जानेवारी, सोमवार

रेडिओवर बोलणार होते. बॅटरी कमी वाटली.

२२ जानेवारी, बुधवार

पुन्हा दोन. पुन्हा शून्य गाड्या. बुधवार हा बाजाराचा दिवस असूनही. गाव किती जबाबदार आहे!

एजे रेडिओवर म्हणाली, "तुझी पोरगी फार कडक आहे गं बाई, असं सगळे म्हणतात तुझ्या आपाला, तुझ्या आईला. तिला जरा हात सैल सोडायला सांग, म्हणतात."

मी बायकेंच्या तोंडून उत्तर पाठवले की आकडा बर्फ ठरवतो, मी नाही. ते उत्तर मी आधी कागदावर लिहिले, दोनदा सुधारले आणि मग त्यांनी ते वाचून दाखवले. वाचताना "निरीक्षणाधिष्ठित" या शब्दावर त्यांची जीभ अडकली आणि त्यांनी त्याऐवजी "बघून" असे म्हटले.

२५ जानेवारी, शनिवार

वाईट दिवस. दोन दिवसांत पश्चिमेच्या वाऱ्याने धारेपलीकडचा सगळा बर्फ उडवून आक-एतेकच्या माथ्यावर आणून टाकला. कडेला वळचणीसारखा पुढे आलेला बर्फाचा ओठ तयार झाला आहे. मी चार दिले.

गाड्या: अकरा.

मेंढ्यांचा ट्रक, कोळशाचे दोन ट्रक, शाळेच्या मास्तरांची मोटार. आणि दहा वाजून पाच मिनिटांनी आकेंची करडी गाडी, काठोकाठ भरलेली. उताराखाली आल्यावर त्यांनी चौकीच्या दिशेने लांब हॉर्न वाजवला. माझ्या हातातली पेन्सिल मोडली. गाडी पलीकडच्या वळणाआड जाईपर्यंत चार मिनिटे लागतात. ती मी मोजली. सायंकाळी ते परतले, तेव्हा आणखी चार.

काही सुटले नाही. बोर्ड उपयोगी पडला, असे म्हणायला हरकत नाही: अकरा नागरिकांनी पूर्ण माहितीनिशी निर्णय घेतला.

जेवताना ओमुरझाक बायकेंनी बोटांवर काहीतरी मोजले. मग म्हणाले, "दोनला शून्य, चारला अकरा. पोरी, तू काही उलटं टांगलंयस का?"

मी दुर्बिणीतून तपासले. पाटी सुलट आहे.

२९ जानेवारी, बुधवार

बायके नाक्यावरून बोरसोक घेऊन आले. ते कणकेचे तळलेले गरम तुकडे माझ्या मार्गदर्शिकेच्या नवव्या पानात बांधलेले होते. पानाच्या कडांना तेल लागले आहे. म्हणजे वाचन भूक लागेपर्यंत चालले असावे.

मागणी लक्षात घेऊन दुसरी आवृत्ती लिहायला घेतली. एकतीस पाने.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज बायकेंसोबत उतारावर सुरक्षित कडेला खड्डा खणला. वरचा बर्फ कडक, पेन्सिलच जेमतेम शिरते. त्याखाली चार बोटांइतका मऊ. आणि तळाशी, जमिनीलगत, साखर, म्हणजे सुट्या दाण्यांचा बर्फ. गुडघाभर उंचीची, कोरडी, दाणेदार, मुठीत न थांबणारी साखर. संपूर्ण पांढरा पदर या साखरेवर उभा आहे.

बर्फाचा खांब कापून त्यावर फावडे ठेवले आणि थापा मारल्या. मनगटातून दहा सोसल्या. कोपरातून दुसऱ्याच थापेला सगळा खांब खणाचा कप्पा ओढावा तसा सरळ पुढे सरकला आणि माझ्या मांडीवर आला. बायकेंनी टोपी काढून डोके खाजवले. म्हणाले, "यावर एक हात नवा बर्फ पडला आणि वर ऊन आलं, की संपलं. तेव्हा नमदा टांगायचाच. ऐकतेस ना?"

मी म्हटले की तेव्हा पाच देऊ. पाचाहून मोठा शब्द कोणताच नाही.

"पाच तर पाच," ते म्हणाले. "पण बर्फाला वाचता येत नाही आणि गावाला वाचायचं नाही. मधे आपण दोघं."

आजचा आकडा तीन. गाड्या सहा. तीन म्हणजे मध्यम आणि सहा म्हणजेही मध्यम. आदर्श प्रतिसाद यालाच म्हणतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रेडिओवर बोलण्याचा सराव केला. रेडिओ बंद ठेवून. उत्तम जमले.

चौकीच्या छपरावर जुन्या काळचा भोंगाही आहे. खाली रस्त्यापर्यंत ऐकू जातो. आणीबाणीसाठी आहे म्हणे. बायके त्याच्यावरून शेजारच्या शेळ्यांना शिव्या देतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

सोनून एजेने वर एक भांडे पाठवले. आत घट्ट साय, वर चिठ्ठी: "पोरी, येत्या रविवारी पाच दे. लग्न आहे. तुझ्या पाया पडते."

प्रथम मी गोंधळले. लग्नाच्या दिवशी अत्यंत धोका कोणाला हवा असेल? अर्ध्या तासाच्या विचारानंतर उलगडा झाला. रविवारी गावातले सगळे तरुण बाजारगावाला पळतात आणि मांडवात कामाला कोणी उरत नाही. रस्ता बंद झाला तर सर्वांना गावातच थांबावे लागेल. हेतू प्रेमळ आहे, मार्ग अशास्त्रीय आहे.

विज्ञान सायीने वळत नाही. भांडे परत पाठवायचे ठरवले. त्याआधीच बायकेंनी ते चाटूनपुसून ठेवले होते. रिकामे भांडे आणि एक विनम्र, दीड पानी नकार पाठवला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ओमुरझाक बायकेंची दाढ सुजली. गाल इतका फुगला की टोपी तिरकी बसू लागली. बाजारगावाला उपटायला गेले, सोमवारी परततील. तोवर चौकीची संपूर्ण जबाबदारी माझ्यावर.

जाताना म्हणाले, "आकडा कसा कळवणार? बोलशील ना?"

मी त्यावर आधीच उपाय शोधला होता. रेडिओचे बटण दाबले की खाली टिक असा आवाज होतो. जितका आकडा, तितक्या टिका. सोनून एजेला समजावणारे पत्र पोचले आहे. यात मानवी आवाजाची गरज नाही आणि चुकीला जागा नाही.

बायकेंनी सुजलेल्या गालाभोवती रुमाल बांधला. मग म्हणाले, "नमदा खाली खुंटीवरच आहे. आणि काही झालं तर बोंबल, पोरी. नुसती बोंबल."

बोंबलणे ही संज्ञा मार्गदर्शिकेत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारपासून हिमवर्षाव. दर तासाला तीन सेंटिमीटर. चार टिका. एजे म्हणाली, "छान! असंच चढत जा."

मी ही उत्साहवर्धक विनंती मोजमापाच्या वहीत नोंदवली नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नवा बर्फ: त्रेपन्न सेंटिमीटर. वारा पश्चिमेचा. मोजपट्टीचा खांब अर्धा गाडला गेला. रस्ता दिसत नाही, समोरचा उतार दिसत नाही, माझाच हात जेमतेम दिसतो. तरीही आक-एतेक तेथे आहे, हे कळते. दोनदा खोल कुठेतरी धप्प असा आवाज झाला, जणू मोठ्या घरात कोणी खाट हलवली. तो थर बसल्याचा आवाज. पुस्तकात त्याचे वर्णन चार ओळींत आहे. मी त्या चार ओळी दोनदा वाचल्या.

चार टिका. वादळामुळे आज कोणी निघाले नाही. एजे म्हणाली, "काळजी करू नको. उद्या आकाश उघडणार, रेडिओनं सांगितलंय. उद्याचं तेवढं बघ हं, उमसुनाय पोरी."

संकल्प: उद्या नक्की बोलणार. उद्याचा दिवस बोलण्याजोगा आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ६:३०. आकाश निरभ्र. उणे चार, रात्रीत दहा अंशांनी चढले. नवा बर्फ एकूण एकाहत्तर. चौकीमागच्या उतारावर पाऊल टाकले आणि माझ्या बुटापासून वीस मीटर लांब तडा कागद फाटावा तसा पळत गेला. उलट पावली परत आले.

७:१०. विचार करायला काही उरलेले नाही. पाच. आयुष्यात मी अनेक पाच मिळवले. दिलेला हा पहिलाच. बोलण्यासाठी बटण दाबले. घसा साफ केला. बटण सोडले. मग पाच टिका.

एजे किंचाळली, "पाच? खरंच पाच? थांब, पुन्हा दे बघू!" पुन्हा पाच टिका दिल्या. "अगं माझे बाई, जीव गेला माझा! तुझ्या आकेंना सांगते आत्ता, रडतील ते!"

गांभीर्य पोहोचले. आके रडतील, याचे वाईट वाटते.

८:२०. ऊन उताराच्या माथ्याला लागले. झाडांवरून बर्फाचे गोळे घरंगळू लागले आहेत. प्रत्येक गोळ्यामागे चाकासारखी रेघ. रस्ता रिकामा.

९:०५. नाक्यावर गर्दी. दुर्बिणीतून रंगीत ओढण्या दिसतात. बहुधा सगळे मार्गदर्शिका वाचायला जमले आहेत. दुसऱ्या आवृत्तीत पाचाचे प्रकरण सहा पानी आहे, वेळ लागणारच.

९:२५. अजून गर्दी. कोणीतरी वाद्य वाजवत आहे.

९:४०. आकेंच्या गाडीच्या टपाला फिती बांधलेल्या आहेत. लाल.

९:४३. गाडी निघाली. इकडे.

दुपारी २:१५.  घडले त्या क्रमाने लिहिते.

गाडी नाक्यातून बाहेर पडलेली पाहताच मी रेडिओचे बटण दाबले आणि बोलले. एक महिना ज्याची तयारी करत होते ते शब्द पहिल्या प्रयत्नात, न अडखळता, स्पष्ट उच्चारांसह बाहेर पडले. पलीकडून उत्तर नाही. पुन्हा बोलले. मग लक्षात आले की जिने ऐकायचे ती सोनून एजे गाडीत होती. खिडकीतून तिची पिवळी ओढणी बाहेर फडफडत होती. लग्न गावात नव्हतेच. ते वधूला घेऊन बाजारगावाला निघाले होते.

नाक्यापासून पहिल्या घळीपर्यंत गाडीला बर्फातून बारा मिनिटे लागतात. घळीच्या अलीकडे एक वळण आहे. तेथवर उतार पोहोचत नाही. वळण ओलांडले की पुढची चार मिनिटे डोक्यावर सगळा पांढरा पदर.

भोंगा चालू केला. तो शिट्टी मारून तापायला वेळ घेतो. आवाजाने बर्फ सुटत नाही, हे मार्गदर्शिकेच्या बाविसाव्या पानावर मीच लिहिले आहे. तरीही मी हळू बोलले. म्हणाले, "आदरणीय नागरिकहो. हिमनिरीक्षण चौकीच्या वतीने आपणांस सूचित करण्यात येते की, नव्या थराचा जुन्या थराशी असलेला बंध लक्षात घेता, आजची पातळी पाच."

खाली गाडी वळणावर आली होती. तिथे थांबली. सूचना पोहोचली, असे मला वाटले.

आके दार उघडून उतरले. त्यांनी डोक्यावरची उंच पांढरी टोपी काढली, चौकीकडे पाहून ती तीनदा हवेत हलवली आणि हॉर्न वाजवला. खिडक्यांतून हात बाहेर आले. टाळ्या. वर येणाऱ्या वाऱ्यावर सोनून एजेचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "शाब्बास गं पोरी! पाच दिलेस, पाच!"

आके पुन्हा गाडीत बसले.

आणि मला कळले. महिनाभर दुर्बिणीतून जे दिसत होते ते त्या एका टाळीत दिसले. दोनला शून्य गाड्या. चारला अकरा. हात सैल सोड. पाया पडते, पाच दे. गणिताच्या बाईंचे वळण, लाल रंग. मी धोका सांगत नव्हते. मी रस्त्याला रोज सकाळी गुण देत होते आणि गाव माझ्यावर विश्वास ठेवत होते, कारण मी कधी खोटे गुण आणले नव्हते.

गाडी हलली.

मी भोंग्यात म्हणाले की पाच म्हणजे चांगले नव्हे. त्यांना फक्त पाच ऐकू आले, हॉर्न वाजला. थांबा म्हणाले, तोवर गाडीतले गाणे सुरू झाले होते. गाडीचे पुढचे चाक वळणाच्या दगडापाशी पोहोचले. मला एकच शब्द माहीत होता, जो ऐकल्यावर कोणताही बाप हातातले काम टाकून येतो.

मी बोंबलले. "आके! दोन! मला दोन मिळाले! आके, मी नापास झाले!"

गाडी थांबली. अशी थांबली की टपावरची फीत पुढे सरकून काचेवर आली. आके उतरले. यावेळी टोपी डोक्यावर होती आणि दोन्ही हात मोकळे. ते काही ओरडले. ऐकू आले नाही, पण ओठांवरून कळत होते, कारण मला तो प्रश्न कधीच विचारला गेला नव्हता: कशात?

"मागे!" मी ओरडले. "आधी मागे घ्या! शाळेत या! इकडे या!" काय वाटेल ते ओरडले. व्याकरणाकडे लक्ष नव्हते.

त्यांनी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. बर्फात चाके फिरेनात. लोक उतरले, वधूसुद्धा, आणि सगळ्यांनी मिळून ढकलली. मी भोंगा धरून एकच शब्द म्हणत राहिले. दोन. दोन. दोन. जसजशी म्हणत होते तसतशी गाडी मागे जात होती.

१० वाजून १७ मिनिटांनी माथ्याजवळ एक रेघ उमटली, डावीकडून उजवीकडे, एखाद्याने पट्टीने आखावी तशी. मग पदर खाली आला. रस्ता मी पाहत होते, तो दिसेनासा झाला. चौकीची काच आत ढकलल्यासारखी थरथरली आणि सगळीकडे पांढरी धूळ. ती बसायला सहा मिनिटे लागली. तेवढा वेळ मी मोजला नाही. नंतर घड्याळ पाहून हिशेब लावला.

गाडी वळणावर होती. माणसे गाडीभोवती बसली होती. मोजली. पंधरा आणि आके. पुन्हा मोजली.

त्यांच्यापुढे जेथे रस्ता होता तेथे ढिगारा. नंतर काठी घालून पाहिली. चार मीटरची काठी तळाला लागली नाही.

तासाभराने आके चढून वर आले. दारात उभे राहून बूट झाडत राहिले, आत आल्यावरही. मग त्यांनी विचारले, "कशात मिळाले गं, दोन?"

बोंबलून बोंबलून माझा आवाज पूर्ण बसला होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जिल्हा कार्यालयाचा अभिप्राय आला. "धोक्याची पातळी: अचूक. लोकांपर्यंत पोहोचवणे:" आणि पुढे रिकामी जागा. ती मीच भरून सही करून परत पाठवायची आहे.

ओमुरझाक बायके ढिगारा पायी ओलांडून एक दिवस उशिरा परतले. गाल ओसरला आहे. खिडकीतून ढिगाऱ्याकडे पाहिले. म्हणाले, "बोंबललीस म्हणे."

मी मान हलवली.

"चांगलं बोंबललीस. माझी दाढ उपटली त्या डॉक्टरनंही ऐकलं असेल."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अडसराला पुन्हा काळा नमदा. बोर्ड काढला. एकच्या पाटीने सोनून एजेच्या कोंबड्यांचे दार झाकले जाते, तीनची शेगडीखाली आहे, चार आणि पाच बोरसोकच्या दोन पातेल्यांवर झाकण म्हणून बसल्या आहेत. मार्गदर्शिकेची दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा जास्त चालली; तिचा कागद जाड होता.

गावाने एक अट घातली आहे. नमदा असो वा नसो, रोज सकाळी सात वाजता मी भोंग्यावर स्वतः बोलायचे. आज पहिल्यांदा बोलले. "आज जाऊ नका." तीन शब्द. एजेने लगेच रेडिओवर विचारले, "का गं?"

आणि मी सांगितले. साखरेचे, खांबाचे, तड्याचे. साधारण अर्धा मिनिट. शेवटी ती म्हणाली, "हे आधी नसतं सांगता आलं? एकतीस पानं कशाला लिहिलीस?"

२३ फेब्रुवारी, रविवार

सुटी. घरी गेले. लग्न कालच पार पडले. रस्ता उकरून वधू गेली. जाताना तिने वर चौकीवर येऊन मला मिठी मारली आणि विचारले की पुढच्या वेळी तरी पास होशील ना. मी प्रयत्न करेन म्हटले.

चहाच्या खोलीत गेल्यावर उरलेली पाटी कुठे गेली ते कळले. माझ्या प्रशस्तिपत्रकांच्या रांगेत, अगदी मधोमध, सुवर्णपदकाचे पत्रक थोडे बाजूला सरकवून आकेंनी लाल दोनची पाटी चार खिळ्यांनी ठोकली आहे. आपा म्हणते की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते आधी तीच दाखवतात.

पाटीखाली त्यांनी खडूने स्वतःच्या हाताने विषय लिहिला आहे. जवळ जाऊन वाचला. "तोंडि परिक्षा."

एका ओळीत शुद्धलेखनाच्या दोन चुका. खडू शेजारच्या फळीवरच होता.

चहा प्यायले. तसेच राहू दिले.